कर्जत : रेल्वेचे गाव, महाविद्यालयांचे गाव

प्रश्न : नोकरी मुंबईत ठेवून कर्जतसारख्या लहान, महाविद्यालये असलेल्या गावात राहणे कितपत सुखाचे?

उत्तर : कर्जत मुळात रेल्वेचे गाव. बोरघाट चढण्यासाठी पुण्याच्या गाड्यांना जादा इंजिने इथेच लागतात आणि खोपोलीचा फाटाही इथूनच फुटतो. शिक्षणसंस्था मागाहून आल्या. कोकण ज्ञानपीठाची कला-विज्ञान-वाणिज्य, अभियांत्रिकी व औषधनिर्माण महाविद्यालये इथे आहेत. अलीकडे जांबरुंगला विजयभूमी विद्यापीठ आले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र मात्र या सर्वांहून वेगळे. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ हे वाण इथलेच, म्हणजे गावाचे नाव शेतकऱ्याच्या बियाण्याच्या पिशवीवर छापलेले असते. असा मान विद्यापीठांच्या मोठ्या शहरांनाही क्वचितच मिळतो.

आकर्षण यातूनच येते. विद्यार्थी असल्याने खानावळी, झेरॉक्सची दुकाने, भाड्याच्या खोल्या मिळतात. गाव लहान असल्याने बाजार, स्टेशन आणि उल्हास नदी जवळजवळ राहतात. बरेच विद्यार्थी लोकलने ये-जा करणारे. म्हणून पूर्ण वसतिगृही गावातली संध्याकाळची वर्दळ इथे अपेक्षू नये.

अडचण प्रवासाची. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १०० किलोमीटरवर आहे. लोकलला एका बाजूने दोन तासांहून अधिक लागतात आणि मुसळधार पावसात वेळापत्रक कोलमडते. रोज जाणाऱ्याने स्टेशनपासून चालत जाण्याजोगे घर पाहावे. आठवड्यातून दोन-तीनदाच जायचे असेल, तर थोडे आतले गावही चालते.