जुन्या पिकअप ट्रकचे सजावटी भाग : किंमतनिर्धारणाचा एक अभ्यास

किंमतनिर्धारणाचा प्रश्न आला की बहुतेक परीक्षार्थी गहू व कापड यांचीच उदाहरणे देतात. मात्र मूल्य उत्पादनखर्चावर अवलंबून असते, हा समज दूर करण्यासाठी अमेरिकेतील एक छोटी बाजारपेठ अधिक उपयोगी आहे. तेथे जुन्या पिकअप ट्रकचे, म्हणजे पुढे चालकाची खोली व मागे उघडा हौदा असलेल्या वाहनांचे, वापरलेले सजावटी भाग विकले जातात. चाकावरच्या झाकण्या, समोरची जाळी, नाममुद्रा, दारावरच्या चकाकत्या पट्ट्या हे ते भाग होत. त्यांच्यावाचून ट्रक चालतो. तरीही त्यांना भंगाराच्या दराहून कितीतरी अधिक किंमत मिळते.

प्रथम पुरवठा पाहू. शेवरलेची १९४७ मध्ये आलेली ट्रकमालिका १९५५ मध्ये बंद झाली. त्यातच कोरियन युद्धाच्या (१९५०-५३) काळात धातूंवर नियंत्रणे आल्याने क्रोमच्या मुलाम्याऐवजी अनेक भागांना केवळ रंग दिला गेला. हे ट्रक शेतावर राबले, गंजले, भट्टीत गेले. म्हणून मूळ भागांचा पुरवठावक्र जवळजवळ उभा आहे. ‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे की, भाव चढला की कोठारांत पडून असलेले काही भाग बाजारात येतात.

मागणी परोक्ष आहे. खरी मागणी संपूर्ण, मूळ रूपातील ट्रकची असते. समजा, ट्रकच्या दुरुस्तीवर मालकाने १० लाख रुपये खर्च केले आणि केवळ नाममुद्रा उरली. विक्रेत्याने १० हजार मागितले तरी तो खर्च एक टक्काच होतो. एकूण खर्चात ज्या घटकाचा वाटा अल्प, त्याची मागणी अलवचीक असते, हे मार्शलने दाखवले आहे. पूरकतेचा परिणामही येथे स्पष्ट दिसतो : तीन झाकण्या असलेल्याला चौथीची किंमत फार वाटते, एकही नसलेल्याला तीच एकटी झाकणी निरुपयोगी.

धातूचा प्रकारही महत्त्वाचा आहे. पोलादी पट्टी सरळ करून घासता येते. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव नाममुद्रेवर मात्र फोड येतात. तिच्यावर तांबे, निकेल व क्रोम यांचे थर पुन्हा चढवणे कष्टाचे व खर्चिक असते. त्यामुळे एकाच ट्रकच्या दोन भागांना ‘जुने’ या एकाच मोजपट्टीने तोलता येत नाही.

चढा भाव मात्र टिकेलच असे नाही. एखाद्या कारखान्याने साचा करून हुबेहूब प्रतिकृती काढली की मूळ भागाचा भाव उतरू शकतो. मार्शलच्या ‘आभास खंडा’चे यापेक्षा सुबोध उदाहरण मला वर्गात सापडलेले नाही. प्रतिकृतीनंतर जी अधिक किंमत उरते, ती अस्सलपणाची. येथे दुसरा प्रश्न उद्भवतो : अस्सल कोणता, हे विक्रेत्यास ठाऊक असते, ग्राहकास नसते. ॲकरलॉफ यांनी १९७० च्या निबंधात जुन्या मोटारींच्या आधारे हीच माहितीची विषमता मांडली. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ग्राहक साशंक असला की सरासरी किंमतच देऊ करतो आणि अस्सल भाग बाजाराबाहेर राहतात. भागाच्या पाठीवरील क्रमांकाचे छायाचित्र मागितले जाते, ते यामुळेच.

भारतात हा विषय २०२१ पासून धोरणाशी जोडला गेला. त्या वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा होऊन ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जतन केलेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘विंटेज’ ठरली. मूळ स्वरूपाची अट म्हणजे मूळ भागांना मागणी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. त्यात मालकास नव्या वाहनाच्या शोरूम-किमतीच्या सुमारे ४ ते ६ टक्के भंगारमूल्य मिळेल असा अंदाज होता. हे मूल्य वजनाच्या हिशेबाजवळचे आहे. सांगाडा दाबण्यापूर्वी नाममुद्रा व जाळी उतरवली, तरच त्यांची वेगळी किंमत शिल्लक राहते. आणि ती मालकाच्या पदरी पडते की पारखी भंगारवाल्याच्या, हे दोघांपैकी कोणास त्या भागाची ओळख आहे यावर ठरते.