वजन ५८.४, रोजच्या रोज

वहीत उद्याचं वजनही आजच लिहून ठेवलेलं होतं. ५८.४. त्याच्या वर कालचं ५८.४, परवाचं ५८.४, सगळं एका पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखं. डोंबिवलीतल्या त्या नोकरदार मुलीने पान उघडलं तेव्हा उत्तररात्र होती. आई पाय खाली सोडून पलंगावर बसली होती. आडवं झालं की जीव गुदमरत होता, खोकल्याबरोबर गुलाबीसर फेस येत होता. अतिदक्षता विभागात वजन भरलं ६२.

हे सांगताना तिचा आवाज अजून चढतो, आणि तो चढायलाच हवा. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं वजन हा सोपस्कार नाही. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाय सुजण्याआधी, दम लागण्याआधी काटा बोलतो. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर डॉक्टरांना कळवावं, असं युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. इथे साडेतीन किलोंहून जास्त चढले आणि वही मात्र ढिम्म.

घरी परिचारिका पुरवणाऱ्या ब्यूरोकडे तिने जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) झालेली परिचारिका मागितली होती. ‘रोज सकाळी वजन, लघवीचं माप, बीपी’ हा तिचा मेसेज आणि त्यावरचं ‘होऊन जाईल मॅडम’ हे उत्तर अजून फोनमध्ये आहे. आली ती ‘सिस्टर’ म्हणवणारी, पण परिचर्येचं शिक्षणच न झालेली एक मुलगी. त्या मुलीबद्दल ती फारसं बोलत नाही; काटा शून्यावर कसा आणायचा हेही त्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं. राग आहे तो ब्यूरोवाल्यावर. आई व्हेंटिलेटरवर असताना तो म्हणाला, “हार्टच्या पेशंटचं असंच असतं मॅडम, कधी काय होईल सांगता येत नाही.” सांगता येत होतं. त्यासाठीच तर वही ठेवली होती. मेसेज दाखवल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं.

वर नातेवाइकांचं ऐकावं लागलं ते वेगळंच. “पगारी माणसाच्या भरवशावर आईला टाकलंस,” असं मावशी म्हणाली. घर आणि औषधं हिच्याच पगारावर चालतात, हे मावशीला ठाऊक आहे. २०१३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या हार्ट फेल्युअर नोंदवहीत १२०५ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यांचं सरासरी वय साधारण ६१ होतं. अशा रुग्णांची मुलं ऐन नोकरीच्या वयातली असतात. त्यांनी मदतीला माणूस ठेवला तर त्यात दोष कसला?

तिचा सल्ला असा. ‘सिस्टर’ या हाकेवर जाऊ नका, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र मागा, त्यावरची मुदत वाचा. मग दोन प्रश्न विचारा. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध देण्याआधी काय बघायचं? नाडी, ती साठच्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सूज कुठे शोधायची? पायांपेक्षा आधी कंबरेखाली, माकडहाडाजवळ, कारण पाणी उताराला जातं. इथे अडखळणारी बाई मनाने कितीही चांगली असली तरी या कामाला पुरेशी नाही.

वजन सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, तशाच कपड्यांत, त्याच काट्यावर, टणक फरशीवर. आपण कामावर असू तर आकड्याचा फोटो मागवायचा. उशांकडेही लक्ष ठेवायचं: एका उशीवर झोपणाऱ्या माणसाला तीन लागू लागल्या तर तेही डॉक्टरांना कळवण्यासारखंच आहे.

मिठाबाबत घरोघरी गैरसमज आहेत. सैंधवातही सोडियमच असतं, त्यामुळे उपवासाला ते चालतं म्हणून या रुग्णालाही चालेल असं नाही. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन हे औषध चालू असेल तर पोटॅशियम रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं. पापड, लोणचं, फरसाण, पोटात गॅस झाला म्हणून घेतलेला सोडा, सगळं मोजायचं. गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर देऊ नयेत, त्यांनी पाणी साचतं. ‘अशक्तपणा वाटतोय, एक सलाईन लावून घेऊ’ म्हणणाऱ्याला तर दारातच थांबवा.

चांगल्या परिचर्येने काय होतं याला पुरावा आहे. अमेरिकेत सेंट लुइसला सत्तरीपुढच्या २८२ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांना परिचारिकेच्या पुढाकाराने आजार समजावला, आहार आणि औषधं तपासली, घरी गेल्यावरही पाठपुरावा केला. तीन महिन्यांत हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण ५६ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे अनेकदा डिस्चार्जच्या कागदावर ‘मीठ कमी’ एवढंच लिहून माणसाला घरी धाडतात. आई दुसऱ्यांदा दाखल झाली तेव्हा वॉर्डातल्या एका परिचारिकेने हे सारं तिला बसवून समजावलं. ते पहिल्याच खेपेला व्हायला हवं होतं, याबद्दल ती इस्पितळालाही माफ करत नाही.

आता तिने ग्राहक आयोगाकडे तक्रारीची तयारी चालवली आहे. म्हणून शेवटची सूचना पैशांची: रोख देऊ नका, आणि पावतीवर ‘नोंदणीकृत परिचारिका’ असं नोंदणी क्रमांकासह लिहून घ्या. तिच्या पावतीवर नुसतं ‘सेवा शुल्क’ आहे, आणि ब्यूरोवाला आता त्याचाच आधार घेऊन म्हणतो आहे की त्याने नर्स देण्याचं कधी कबूलच केलं नव्हतं.