आकडे आणि अनुमान

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जतन केलेल्या आहेत. त्यांत रुग्णांच्या विकाराचे वर्णन आणि डोळ्यांची चित्रे आढळतात. एक नोंद एका रुग्णाविषयी सांगते. अनेक नोंदींची तुलना केली, तर उपचारांविषयी काही अनुमान काढता येते. अशा तुलनेलाच विश्लेषण म्हणतात. आज हे काम संगणक कसे करतो, ते एका खेळाच्या उदाहरणाने समजून घेऊ.

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकीय खेळात आपण संघाचे व्यवस्थापक असतो. खेळाडूंचा वेग, चेंडू देण्याचे कौशल्य इत्यादी गुण १ ते २० या अंकांत मांडलेले असतात. सामन्यांचे निकाल संगणक ठरवतो. हौशी जाणकारांनी या खेळासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर तयार केली आहेत. ती साठवलेल्या खेळातील माहिती वाचतात आणि हजारो खेळाडूंमधून आपल्या अटींत बसणारे खेळाडू निवडून देतात.

समजा, ‘क्ष’ने १८०० मिनिटांत १० गोल केले आणि ‘य’ने ५४० मिनिटांत ६. एकूण गोल ‘क्ष’चे अधिक आहेत. परंतु ९० मिनिटांच्या एका सामन्यामागे ‘क्ष’ची सरासरी ०.५, तर ‘य’ची १ येते. मग ‘य’ श्रेष्ठ ठरतो का? तसे लगेच म्हणता येणार नाही. कारण तो केवळ सहा सामन्यांइतकाच वेळ खेळला आहे. नोंदी थोड्या असल्या, की अनुमान डळमळीत होते.

याहून महत्त्वाचा भेद पुढे आहे. खेळातील खेळाडूचा वेग ‘१५’ असेल, तर तो अंक म्हणजेच त्याचा वेग होय. प्रत्यक्ष खेळाडूला दिलेला ‘१५’ हा अंक मात्र कुणीतरी केलेला अंदाज असतो. २००८ मध्ये इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने खेळाडूंच्या शोधासाठी या खेळाचा माहितीसाठा वापरण्याचा करार केला. अशा साठ्यामुळे कोणाला पाहायला जावे हे कळते. पाहण्याचे काम उरतेच. नोंदीमागे माणूस असतो, याचे भान विश्लेषकाने सोडू नये.

स्वाध्याय
१. केवळ एकूण गोलांवरून खेळाडूंची तुलना करणे योग्य का नाही?
२. परीक्षेतील गुण विद्यार्थ्याविषयी काय सांगतात व काय सांगत नाहीत, ते पाच ओळींत लिहा.