प्लेसमेंटच्या आकड्याखालचा छेद

महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली आणि किती पगाराची, याची माहिती भारतात दोन ठिकाणी सापडते: संस्थेच्या जाहिरातीत, आणि संस्थेने नियामक यंत्रणांना भरून दिलेल्या तक्त्यांत. संस्था एकच, तरी हे दोन आकडे क्वचितच जुळतात. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की बहुतेक पालक जाहिरातीतला आकडा पाहून ऑप्शन फॉर्म भरतात. दुसरा आकडा संकेतस्थळाच्या तळाशी एखाद्या पीडीएफमध्ये तसाच राहतो. प्रस्तुत लेखकाच्या पुतणीच्या प्रवेशाच्या वेळी एका खासगी महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत जवळजवळ सर्वांना नोकरी लागल्याचे छापले होते. त्याच महाविद्यालयाने राष्ट्रीय क्रमवारीसाठी दिलेल्या तक्त्यात, त्याच वर्षाच्या तुकडीतील नोकरी लागलेल्यांची संख्या प्रवेश घेतलेल्यांच्या निम्म्याहून कमी निघाली. पुस्तिकेतील टक्केवारी ‘एलिजिबल’ विद्यार्थ्यांची होती, आणि एलिजिबल कोण हे महाविद्यालयच ठरवत होते.

सगळी गोम छेदात आहे. समजा, एका शाखेत 110 जणांनी प्रवेश घेतला. त्यांपैकी 80 जण चार वर्षांत उत्तीर्ण झाले. बॅकलॉग नाही, गुण 60 टक्क्यांच्या वर आणि प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेले, असे 50 उरले. त्यांतल्या 45 जणांना नोकरी लागली. जाहिरातीत हे 90 टक्के होतात. उत्तीर्णांच्या हिशेबाने 56 टक्के, आणि प्रवेश घेतलेल्यांच्या हिशेबाने 41 टक्के. बारावीनंतर प्रवेश घेणारा विद्यार्थी त्या 110 पैकी एक असतो. पन्नासांत आपण असू की नाही हे त्याला त्या दिवशी कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून त्याच्या कामाचा आकडा शेवटचाच. अंशातही फेरफार होतो. एका विद्यार्थ्याला तीन ऑफर मिळाल्या तर त्या तीन म्हणून मोजल्या जातात, कारण शीर्षक ‘एकूण ऑफर्स’ असे असते.

हा छेद उघड करणारी सर्वांत सोयीची कागदपत्रे राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखड्याची, म्हणजे एनआयआरएफची. 2015 मध्ये हा आराखडा आखला गेला आणि 2016 मध्ये पहिली क्रमवारी आली. सहभागी संस्थेने भरलेली माहिती तिला स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते, त्यामुळे क्रमवारीत वर न आलेल्या महाविद्यालयाचा तक्ताही पाहता येतो. त्यात तीन वर्षांच्या तुकड्या एकाखाली एक असतात: प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, थेट द्वितीय वर्षात आलेले विद्यार्थी, ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक वार्षिक पगार आणि उच्च शिक्षणाकडे वळलेले. पहिल्या वर्षाचे प्रवेश आणि डिप्लोमाहून थेट आलेले यांची बेरीज हा खरा छेद. उच्च शिक्षणाला गेलेल्यांना बेरोजगार धरू नये. त्यांची संख्या वेगळी मांडावी. टक्केवारी हा तक्ता देत नाही, ती वाचणाऱ्याने काढायची असते, आणि बहुधा म्हणूनच तो कमी वाचला जातो.

या तक्त्यातील मध्यक पगार हा पालकांच्या हाती असलेला सर्वांत प्रामाणिक आकडा आहे. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो मध्यक. निम्म्यांना त्याहून कमी मिळालेले असते. एखाद्याला 40 लाखांचे पॅकेज मिळाले तर सरासरी वर सरकते, मध्यक जवळजवळ हलत नाही. फ्लेक्सवर फोटोसह झळकणारे हायएस्ट पॅकेज एका विद्यार्थ्याविषयी सांगते, महाविद्यालयाविषयी नाही. पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. सीटीसीत, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनी करत असलेल्या एकूण खर्चात, भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, कधी एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनसही धरलेला असतो. आयआयएम अहमदाबादने पुढाकार घेतलेल्या प्लेसमेंट अहवाल मानकांत स्थिर रोख पगार, एकदाच मिळणारी रक्कम आणि जास्तीत जास्त मिळू शकणारी रक्कम वेगवेगळी दाखवावी लागते, आणि अहवालाचे लेखापरीक्षण होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांवर अशी सक्ती नाही. ती असायला हवी.

एनआयआरएफच्या तक्त्याच्या दोन मर्यादा आहेत. माहिती संस्थाच भरते. आणि अभियांत्रिकीच्या सगळ्या शाखा एकत्र येतात, त्यामुळे संगणक शाखेच्या नोकऱ्यांखाली स्थापत्य शाखेची स्थिती झाकली जाते. शाखेचा हिशेब राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या, म्हणजे एनबीएच्या स्वयंमूल्यमापन अहवालात मिळतो. तिथे नोकरी, उच्च शिक्षण आणि स्वतःचा उद्योग यांची बेरीज अंतिम वर्षाच्या एकूण विद्यार्थ्यांशी ताडली जाते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषातही प्लेसमेंटचा तपशील असतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या ‘मँडेटरी डिस्क्लोजर’मध्ये तर प्रत्येक अभ्यासक्रमासाठी मागील तीन वर्षांचे किमान, कमाल आणि सरासरी पगार देणे अपेक्षित आहे. हे पान रिकामे किंवा जुने असेल तर तेवढ्यावरूनही संस्थेची पारख होते.

जे प्रसिद्ध झालेले नाही ते माहिती अधिकार कायदा, 2005 खाली मागता येते. शासकीय महाविद्यालये त्याच्या कक्षेत आहेतच. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्थाही येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केले. विनाअनुदानित महाविद्यालयाकडे थेट अर्ज केल्यास तो परत येण्याची शक्यता मोठी. तिथे अर्ज एआयसीटीई, तंत्रशिक्षण संचालनालय किंवा विद्यापीठाकडे करावा, कारण सार्वजनिक प्राधिकरणाला कायद्याने खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीही कलम 2(च) नुसार ‘माहिती’च आहे.

अर्जाची भाषा निर्णायक ठरते. “मागील तीन वर्षांत प्लेसमेंट किती टक्के झाली?” असे विचारले की “माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही” असे उत्तर येते. प्रस्तुत लेखकाच्या हाती एका अनुदानित महाविद्यालयाकडून हेच आले, आणि ते कायद्याला सोडून नव्हते. नसलेली माहिती गोळा करून देण्याचे बंधन प्राधिकरणावर नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या सीबीएसई प्रकरणात सांगितले आहे. म्हणून दस्तऐवज मागावा: अमुक वर्षी एनबीएला पाठवलेल्या अहवालातील प्लेसमेंटच्या पानांची प्रत, प्लेसमेंट अधिकाऱ्याच्या (टीपीओ) कार्यालयातील शाखानिहाय नोंदवहीची प्रत, विद्यार्थ्यांची नावे झाकून. नावे झाकण्याची तयारी आधीच लिहिली की वैयक्तिक माहितीचे कारण पुढे करणे अवघड जाते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयावर असावा. शुल्क 10 रुपये, आणि अर्ज मराठीत चालतो. उत्तराची मुदत 30 दिवसांची, पहिल्या अपिलाला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणून सीईटीच्या निकालाची वाट न पाहता, बारावीची परीक्षा चालू असतानाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज टाकावा.

कागदांत न येणारी एक गोष्ट उरते: ऑफर लेटर मिळालेले किती जण खरोखर रुजू झाले. मंदीच्या वर्षी जॉइनिंग महिनोन्‌महिने लांबते, काही ऑफर रद्दही होतात. मोजणी मात्र ऑफरच्या दिवशीच पूर्ण झालेली असते. याचे उत्तर मागच्या दोन तुकड्यांतील, त्याच शाखेतील माजी विद्यार्थीच देऊ शकतात. त्यांना गाठताना महाविद्यालयाने सुचवलेली नावे टाळावीत, आणि पगाराबरोबर बाँड किती वर्षांचा आहे व नेमके काम काय आहे, हेही विचारावे.