बीडचा आकडा लिहिताना

बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे अहवाल आणि माहितीपत्रकं मी लिहून देते. २०१९ साली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण देशभर गाजलं आणि काही महिन्यांत दोन आकडे हाती आले. जूनमध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या अहवालात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सरकारचाच सरकारशी मेळ नाही, असं लोक म्हणू लागले. तसं काही नव्हतं. पहिला आकडा ठरावीक तीन वर्षांतला आणि त्यात ऊस न तोडणाऱ्या बायकाही होत्या. दुसरा, आजवर कधीही शस्त्रक्रिया झालेल्या ऊसतोड बायकांचा. एका संस्थेच्या पत्रकात मात्र ‘४,६०५ ऊसतोड बायका’ असं छापून गेलं. देणगीदारानं खुलासा मागितला आणि मूळ विषय बाजूलाच राहिला.

म्हणून आकडा कुणाचा, किती काळातला आणि किती जणींतला, हे त्याच वाक्यात लिहावं. तळटीप कुणी वाचत नाही. १३,८६१ म्हणजे शंभरात जवळपास सतरा. शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला (२०१५-१६) महाराष्ट्राचा २.६ टक्के हा आकडा ठेवला की वाचक दचकतो, दचकायलाच हवं. पण ती पाहणी १५ ते ४९ वयाच्या बायकांची. आपल्या यादीत पन्नाशीपुढच्या असतील तर तेही तिथंच सांगावं.

कहाणीचं काम वेगळं. एक बाई मला म्हणाली, “पिशवी काढली, दर महिन्याचा खाडा तरी वाचला.” एक दिवस फडावर गेलं नाही की टोळीचा मुकादम कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, पैसे कापतो. तो खाडा. अंगावरून जातंय म्हणून ती दवाखान्यात गेली, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली. बिल कुणी भरलं? मुकादमानं. ते पुढच्या हंगामाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, चढलं. आमच्या फॉर्ममध्ये शस्त्रक्रियेच्या कारणाचा रकाना होता, पैसे कुठून आले याचा नव्हता. तो घातल्यावर तेच उत्तर घरोघरी मिळू लागलं. फॉर्म छापण्याआधी चार बायकांशी निवांत बोलावं ते यासाठी.

छापायला कहाणी निवडताना सगळ्यांत रडवणारी घेण्याचा मोह होतो. आकड्यांत जी अवस्था पुन्हा पुन्हा दिसते, तिच्यातली बाई घ्यावी. फोटो आणि गावाचं नाव, दोन्ही टाळावं. नाव बदलून भागत नाही. तांडा आणि कारखाना लिहिला की मुकादम बरोबर ओळखतो, आणि पुढच्या वर्षी त्या जोडप्याला उचल कोण देणार? ‘बिनगर्भाशयाच्या बायकांचं गाव’ असले मथळे तर लेकींच्या सोयरिकीपर्यंत पोचतात. मजकूर छापण्याआधी त्या बाईला मराठीत वाचून दाखवावा. एकीनं नवऱ्याबद्दलची दोन वाक्यं काढायला लावली, बिलाची रक्कम मात्र ठेवायला सांगितली.

आणि मोजणी दसऱ्याच्या आत उरकावी. दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तेव्हा घरोघरी फिरलात तर म्हाताऱ्या आणि पोरं भेटतील, आणि तुमची टक्केवारी त्यांचीच असेल.