सायबर सुरक्षा पथकाचं नेतृत्व : आधी भीती घालवा, मग यंत्रणा उभारा



"सर, मला सायबर सिक्युरिटीत जायचंय," असं आता नववी-दहावीची मुलं सांगतात. त्यांच्या डोळ्यांसमोर असतो अंधाऱ्या खोलीत भराभर टाइप करणारा एकटा हुशार माणूस. प्रत्यक्षात सरकारी खात्यातलं हे काम पथकाचं असतं. त्या पथकाचा प्रमुख नेमकं काय करतो, ते आज पाहू.

काम कसं चालतं?

खात्यातला प्रत्येक संगणक आणि सर्व्हर आपल्या हालचालींची नोंद ठेवतो. तिला लॉग म्हणतात. या नोंदींवर पथक पाळी लावून रात्रंदिवस नजर ठेवतं. काही संशयास्पद दिसलं की इशारा येतो. यातले बरेचसे इशारे खोटे निघतात, पण खरा कोणता हे ओळखावं लागतं. रात्री दोन वाजता एखादा सर्व्हर बंद करायचा झाला, तर तो निर्णय कोणी घ्यायचा? कोणाला उठवायचं? हे प्रमुखाने आधीच ठरवून, लिहून आणि सरावात घोटून ठेवलेलं असावं लागतं. आग लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

एक खरं उदाहरण

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. रुग्णांची नोंदणी, दाखल करणं, घरी सोडणं ही कामं हातानं कागदावर करावी लागली. बहुतेक सेवा पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नव्हते, असं सरकारने संसदेत सांगितलं. म्हणजे काय, तर घराला बाहेरून दार होतं, पण आतल्या खोल्यांना दारं नव्हती!

मग माहिती परत कशी मिळाली? एका बॅकअप सर्व्हरला हल्ल्याची झळ पोहोचली नव्हती. त्यावरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळवता आली. बघा, संकटात उपयोगी पडली ती आधी केलेली तयारी.

सहा तासांचं घड्याळ

देशपातळीवर हे काम 'सर्ट-इन' ही संस्था २००४ पासून करते. एप्रिल २०२२ मध्ये तिने काढलेल्या निर्देशांनुसार, ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. सरकारी संस्थांनाही हे लागू आहे.

आता विचार करा. एका कारकुनाने फसव्या ईमेलमधली लिंक उघडली आणि साहेब ओरडतील म्हणून तो गप्प बसला. पथकाला कळेपर्यंत हल्लेखोर एका संगणकावरून दहांवर पोहोचलेला असेल. म्हणून चांगला प्रमुख "कोणी केलं?" याआधी "कसं घडलं?" हे विचारतो. जो स्वतःहून चूक सांगतो, त्याला तो सगळ्यांसमोर फैलावर घेत नाही. जाणूनबुजून केलेल्या गैरकृत्याची गोष्ट वेगळी, तिथे कारवाई हवीच.

आपल्या घरात, वर्गात काय?

माझ्या वर्गातल्या एका मुलाने गेमच्या नादात आईच्या मोबाइलवरचा ओटीपी कोणाला तरी सांगितला. मार बसेल म्हणून तो दोन दिवस बोललाच नाही. पैसे तर गेलेच, पण ते वाचवण्याची वेळही गेली. अशा वेळी १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवू, तितकी पैसे मध्येच अडवण्याची शक्यता जास्त. त्या दिवशी मी स्वतःलाच विचारलं, माझा विद्यार्थी मलाही का सांगू शकला नाही?

वर्गासाठी उपक्रम

मुलांचे चार गट करा : नजर ठेवणारे, निर्णय घेणारे, दुरुस्ती करणारे आणि लोकांना माहिती देणारे. "शाळेचा संगणक उघडत नाही, पडद्यावर पैशांची मागणी दिसते," एवढंच सांगा. पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करेल, ते मुलांनाच ठरवू द्या. शेवटी विचारा, "चूक तुमच्या हातून झाली असती, तर सांगितली असती का?"

या प्रश्नावर वर्ग शांत झाला, तर आपल्याला अजून काम करायचं आहे असं समजा. उद्याचा पथकप्रमुख कदाचित त्याच बाकावर बसलेला असेल. चूक ऐकून घ्यायची कशी, हे तो आज आपल्याकडूनच शिकतो आहे.