दाराशी उभे असलेले परक्याचे लेकरू

अभ्यासाचा पाठ : अनुवाद २४:१६-२२, लेवीय १९:३३, ३४, मत्तय २:१३-१५.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात दोन आज्ञा एकीमागून एक आल्या आहेत. सोळाव्या वचनाप्रमाणे बापाच्या अपराधाचा दंड लेकराने भोगावयाचा नाही. आणि लागलीच सतराव्या वचनात परका व पोरका ह्यांच्या न्यायाविषयी ताकीद आहे. ह्या दोन्ही आज्ञा एकत्र धरल्या म्हणजे काय घडते, हे अमेरिकेतील एका खटल्यावरून पाहू.

१. हकीकत. अमेरिकेतील टेक्सस प्रांताची सीमा मेक्सिको देशास लागून आहे. पोटासाठी कित्येक मेक्सिकन कुटुंबे सरकारी परवान्यावाचून ती ओलांडून येत. इ. स. १९७५ मध्ये प्रांताच्या कायदेमंडळाने असे ठरविले की, अशा मुलांच्या शिक्षणासाठी प्रांताचा पैसा मिळणार नाही, व शाळांनी त्यांस नाकारले तरी चालेल. १९७७ साली टायलर येथील सार्वजनिक शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षास १,००० डॉलर फी मागितली. मजुरी करणाऱ्या आईबापांनी ती कोठून द्यावी?

तेव्हा चार कुटुंबांच्या सोळा मुलांच्या वतीने न्यायालयात दाद मागण्यात आली. खरी नावे उघड होऊ नयेत म्हणून खटल्यात "डो" हे कल्पित आडनाव घातले. त्यांजवर लोकांची नजर पडू नये म्हणून न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस ह्यांनी सुनावणी सकाळी सहा वाजता ठेविली. आपणांस देशाबाहेर घालवितील, हे भय आईबापांस होतेच; एक कुटुंब तर घरचे सामानसुमान मोटारीत भरूनच आले. लेकरास विद्या मिळावी म्हणून त्यांनी आपला संसार पणास लाविला.

२. निवाडा. ता. १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. तो न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन ह्यांनी लिहिला. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती कायद्याचे समान संरक्षण केवळ नागरिकांस नव्हे, तर प्रांताच्या हद्दीतील प्रत्येक व्यक्तीस देते, हा एक मुद्दा. सीमा ओलांडण्याचा निर्णय आईबापांचा, त्याचा भार निर्दोष मुलांवर घालणे न्याय्य नव्हे, हा दुसरा.

कोणी विचारील, "कायदा मोडणाऱ्यास हे बक्षीसच नव्हे काय?" नव्हे. निवाड्याने आईबापांस देशात राहण्याचा परवाना दिला नाही. तो प्रश्न सरकारकडेच राहिला. विरुद्ध मत देणाऱ्या चौघांचे म्हणणे एवढेच की, असे धोरण ठरविणे हे कायदेमंडळाचे काम; मुलांस निरक्षर ठेवणे शहाणपणाचे आहे, असे त्यांनीही म्हटले नाही.

३. दाराच्या आत. दार उघडले म्हणजे काम संपले असे नाही. सॅन फ्रान्सिस्को शहरात चिनी भाषा बोलणारी सुमारे १,८०० मुले वर्गात बसत, परंतु इंग्रजीतून चाललेला धडा त्यांस कळत नसे. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यापुढे इतरांसारखेच पुस्तक ठेवणे ही समानता नव्हे, असे १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. तेथील शाळांत गरीब मुलांस दुपारचे जेवण देताना परवाना विचारीत नाहीत. मुलांच्या नोंदी, काही अपवाद सोडून, पालकांच्या संमतीवाचून बाहेर देण्यास १९७४ च्या एका कायद्याने मनाई आहे.

शाळा व उपासनामंदिरे ह्यांत सहसा धरपकड करू नये, असे संघसरकारचे धोरण होते. ते जानेवारी २०२५ मध्ये रद्द करण्यात आले. मात्र १९८२ चा निवाडा कायम आहे. म्हणून न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट पाहिल्यावाचून कोणास वर्गापर्यंत जाऊ देऊ नये, असे पुष्कळ शाळांनी आपल्या नोकरांस शिकविले आहे.

४. आपणांस बोध. आपला प्रभु बाळपणी रात्रीच्या वेळी मिसर देशात नेला गेला. हेरोदाच्या क्रोधाशी त्या बाळाचा काय अपराध? ज्यांचा तारणारा स्वतः परदेशात आश्रयास राहिला, त्यांनी परक्याच्या लेकरास ओझे समजू नये.

आपल्या देशातही हंगामात बीडकडची कुटुंबे ऊसतोडीस परजिल्ह्यात जातात. लेकरे आईच्या मागे फडात फिरतात व शाळा सुटते. ती परदेशी नव्हेत. तरी गाव त्यांस परकेच मानते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयाचा दाखला नाही म्हणून शाळेत नाकारता येत नाही. आणि शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला तरी प्रवेश अडविता येत नाही. सुवार्तिक बंधूंनो, हे त्या आईबापांस कोण सांगणार? कोपीवर जाऊन प्रार्थना करणे चांगले. प्रार्थनेनंतर लेकराचा हात धरून शाळेपर्यंत जाणे हेही सेवेतच मोडते.

मननासाठी प्रश्न :
(१) अनुवाद २४ मधील १६ वे व १७ वे वचन ह्यांचा परस्परसंबंध काय?
(२) परक्यास समान न्याय देणे आणि त्यास समजेल अशी मदत करणे ह्यांत भेद कोणता?
(३) आपल्या गावी बाहेरून आलेली किती लेकरे शाळेबाहेर आहेत? पुढील प्रभुवारापूर्वी मोजून यावे.